बघायला येतोय

"साडी कशाला?" शिवांजली ओरडलीच. "मला पळायचंय, माय. बोहल्यावर चढायचं न्हाय."

"हळू बोल. तात्या वसरीत बसलेत," सत्यभामा म्हणाली आणि साडीची घडी हातात धरून तशीच लेकीपुढं उभी राहिली. साडी जांभळी, नवी कोरी होती. कपाटातून ती कधी काढली, इस्त्री कधी केली, शिवांजलीला पत्ताच नव्हता.

खाटेवर तिनं पहाटेच सगळं मांडून ठेवलं होतं. संघाचं नाव छापलेला टी-शर्ट, मांडीला घट्ट बसणारी आखूड काळी पँट, गुडघ्याचा पट्टा आणि बूट. पुण्याच्या ज्या संघाकडून ती लीगमध्ये खो-खो खेळायची, त्या संघाची माणसं आज तेरला येणार होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती कितपत बरी झालीय, पुढच्या हंगामात तिला ठेवायचं की सोडायचं, हे आज ठरणार होतं. आणि घरच्यांनी साडी काढली होती.

सगळा घोळ एका शब्दानं केला होता. संघाच्या कचेरीतून फोन आला तेव्हा शिवांजली ग्राउंडवर होती. फोन घेतला तिच्या चुलत्यानं, लिंबाजीतात्यांनी. पलीकडची पोरगी म्हणाली, "रविवारी आमचे सर शिवांजलीला बघायला येताहेत. दोघं जण असतील." भावकीतल्या सगळ्या पोरींची लग्नं जमवण्यात तात्यांची हयात गेली होती. हे वाक्य कानावर पडलं की त्यांच्या तोंडून एकच उत्तर निघायचं, तेच निघालं. "या की. आनंदानं या. जेवायलाच या."

येणारी माणसं सोयरिकीची नाहीत, हे तात्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण परकी माणसं घरातल्या पोरीला पारखायला येणार म्हटल्यावर काय काय करायचं असतं, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दुसरी कुठली रीत त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी पुढच्या भिंतीला चुना मारून घेतला, शेजारून चार खुर्च्या आणल्या, धाराशिवहून बर्फी मागवली आणि सत्यभामेला बजावलं, "पोहे मऊ होऊ दिऊ नका, वहिनी."

"तात्या, अहो खेळाची माणसं हायेत ती!" शिवांजली आता थेट वसरीत आली.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, हेच तिला जास्त झोंबलं. ते उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हाईत हाय मला. म्या काय खुळा हाय का? पर साडीत गुडघा दिसत न्हाय, शिवे. ती आखूड चड्डी घालून उभी ऱ्हाशील, तर पयली नजर त्या वणावरच जाईल त्यांची. आपल्या भावकीतल्या शिवरंजनीचं आठव. दंडावर केवढा भाजल्याचा डाग! लांब बाह्याचं पोलकं घातलं, कुणाच्या बापाला कळलं का?"

"लग्न झाल्यावर कळलंच की."

"झाल्यावर कळलं. तेच तर सांगायलो."

तिला संतापानं रडू यायला लागलं. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. पण खरा संताप याचा होता, की तात्यांचं म्हणणं तिला पटत होतं. तिला स्वतःलाही काहीतरी झाकायचं होतं. वण नव्हे, वण कुणीही बघावा. वणाखालचं जे होतं, ते तिनं अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

गुडघा गेला तो मॅटवर. तेरच्या मातीत वाढलेला तिचा पाय. मातीत वळताना पाय थोडा सरकतो आणि अंगाला वळायला वाट देतो. मॅटवर बूट चिकटतो. खांबापाशी पाठलाग करणारीनं सूर मारला, शिवांजली गर्रकन वळली. अंग वळलं, मांडी वळली, पाऊल मात्र आहे तिथंच राहिलं. आतून कापड फाटल्यासारखा आवाज तिनं स्वतः ऐकला. पुण्यात ऑपरेशन झालं, संघानंच केलं, त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. पण नंतर काय? मोबाइलवर व्यायामाचा एक व्हिडिओ पाठवून दिला आणि सांगितलं, घरी जाऊन रोज करत राहा. व्हिडिओतली बाई गुळगुळीत फरशीवर, आरशासमोर, मोठ्या रबरी चेंडूवर पाय ठेवून हसत होती. तेरमध्ये तो चेंडू कुठून आणायचा? गुडघा वाकवून घ्यायला जाणतं माणूस लागतं, ते धाराशिवला. आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिला एसटीत बसवून तिकडं कोण नेणार होतं? पाय सुजला की तिनं व्यायाम थांबवला, सूज उतरली की पुन्हा सुरू केला. दुखतंय ते बरं की वाईट, हे विचारायला कुणी नव्हतं.

तरी पळणं परत आलं. हे मात्र तिनं एकटीनं आणलं. आधी चालणं, मग धावणं, मग नागमोडी धावणं, मग खांबाला वळसा. तिचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, तो जिल्हाभर फिरला. "वाघीण परत आली" असं त्याखाली लिहिलं होतं. लोक रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायचे. तिला वाटायचं, थांबा, एवढ्यात बोलू नका.

कारण गुडघा पळत होता, पण बसत नव्हता. अर्ध्यावर वाकला की आत काहीतरी अडायचं, आणि पुढं रेटलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. खो-खोत पळणारीचं कौतुक होतं, पण पाठलागाच्या डावात तिलाही बसावंच लागतं. चौकोनात उकिडवं बसायचं, पाठीवर थाप आणि कानात खो पडला की त्याच क्षणी उसळून उठायचं. हे ज्याला जमत नाही त्यानं मैदानावर येऊ नये. ऑपरेशनपासून शिवांजली जमिनीवर बसलेली नव्हती. खाटेवर ताट मांडीवर घेऊन जेवायची. संडासात भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची होती. "डॉक्टरनं सांगितलंय" म्हटलं, की घरात पुढचं कुणी विचारत नसे.

तिनं मनाशी बेत केला होता. पाहुण्यांना थेट शाळेमागच्या ग्राउंडवर न्यायचं आणि असं पळून दाखवायचं, की बसायला सांगायचं त्यांच्या ध्यानातच राहू नये. एकदा यादीत नाव लागलं की हंगामाला अजून अवकाश होता. तोवर वाकवू कसाही.

"घाल बाई," सत्यभामा दारातून म्हणाली. "पोहे खाऊन जातील ग्राउंडवर. मग बदल की कपडे. कोण नको म्हणतंय?"

तिनं साडी नेसली. आत पट्टा बांधला.

पाहुणे आले ते दहाच्या सुमाराला. रणधीर सर संघाचे प्रशिक्षक. एकेकाळी स्वतः राज्याकडून खेळलेले, आता पोट थोडं सुटलेलं. त्यांच्याबरोबर अर्पिता मॅडम, संघाच्या फिजिओ. व्यायामाचा तो व्हिडिओ यांनीच पाठवलेला. तात्यांनी दोघांना पाय धुवायला पाणी दिलं. अर्पिता मॅडम बूट काढायचे की नाहीत या गोंधळात बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"शिवे, पाणी आण गं!" तात्यांनी हाक दिली. स्वतः ग्लास भरून दिले असते तर हात झडले नसते त्यांचे. पण पाणी मुलीनंच आणायचं असतं.

ती पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. रणधीर सरांनी तिला साडीत बघितलं आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. "अरे! शिवांजली? ओळखलंच नाही." तिनं मान वर केली नाही. वर केली असती तर ट्रे त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला असता, आणि सरांचा तर काहीच गुन्हा नव्हता.

आणि मग तिला तो दिसला. खुर्च्यांसमोर, सतरंजीच्या मधोमध, चांदीच्या फुल्यांचा पाट. घरातल्या प्रत्येक पोरीला ज्यावर बसवून दाखवलं होतं, तो.

"बस, शिवे," तात्या म्हणाले.

"मी उभीच ठीक हाय."

"अगं, पाहुण्यांसमोर उभं कुणी ऱ्हातं का? बस."

तिनं आईकडं बघितलं. आईनं डोळ्यांनीच विनवलं, बस बाई, चार माणसांत नको. सत्यभामेला काही ठाऊक नव्हतं. तात्यांना तर नव्हतंच. पोरीचा गुडघा झाकायला साडी नेसवणाऱ्या माणसानं, तो उघडा पाडायला स्वतःच्या हातानं पाट मांडला होता.

ती बसली. म्हणजे डावा पाय दुमडला, हात मागं जमिनीला लावला आणि अंग खाली सोडलं. उजवा पाय दुमडेना. साडीच्या आत तो बाजूला लांब पसरला आणि जांभळ्या काठाखालून टाच बाहेर आली. तिनं झटकन काठ ओढून घेतला.

रणधीर सरांचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. त्यांनी अर्पिता मॅडमकडं बघितलं. मॅडमनी आधीच बघितलेलं होतं.

तात्यांना यातलं काहीही दिसलं नाही. ते रंगात आले होते. "पोरगी लहानपणापासून तडफदार. एक रोग न्हाय, कधी दवाखाना न्हाय. ह्ये एवढं गुडघ्याचं सोडलं तर. सैपाक समदा येतो. ह्ये पोहे तिनंच केलेत."

पोहे तिनं केले नव्हते. "तात्या, पोह्याचं काय करायचंय त्यास्नी?" ती दातओठ खात म्हणाली.

"इचारा की, सर. काय इचारायचं ते इचारा. लाजणार न्हाय ती."

रणधीर सरांनी बशी खाली ठेवली. मग जे बोलू नये नेमकं तेच ते बोलले. बिचाऱ्यांना त्याचा अर्थ कळलाच नसेल. "शिवांजली, जरा उठून चालून दाखवतेस? दारापर्यंत."

तात्यांचा चेहरा उजळला. सगळं कसं रीतीप्रमाणं चाललं होतं. शिवांजलीच्या मात्र कानशिलात आग पेटली. दोन्ही तळहात जमिनीला लावून ती उठली आणि दारापर्यंत चालत गेली, परत आली. चाल झकास होती. लंगडण्याचं नाव नाही. पण आता चाल कोण बघत होतं?

"सर, ग्राउंडवर चला," ती म्हणाली. "फक्कीनं रेघा मारून ठेवल्यात. पोरी थांबल्यात. मी कपडे बदलून आलेच."

रणधीर सर घड्याळाकडं न बघता म्हणाले, "उशीर होईल गं. अजून परंड्याला जायचंय, तिथं एक मुलगी आहे. ग्राउंडची आता गरज नाही. आम्ही कळवतो."

कळवतो. हा शब्द त्या घरानं पुष्कळदा ऐकला होता आणि त्याचा अर्थ तिथल्या लहान पोरांनाही माहीत होता. तात्यांचा हात सुपारीच्या डब्यावर तसाच राहिला. सत्यभामा आत गेली, हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि अर्पिता मॅडमच्या कपाळाला कुंकू लावून तिनं त्यांच्या हातात नारळ ठेवला. "लक्ष असू द्या," ती एवढंच म्हणाली. तेही ठरलेलंच वाक्य होतं.

पाहुणे गाडीकडं निघाले. शिवांजली पाटाकडं बघत उभी होती. ती मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होती. तात्यांना, त्यांच्या रीतीला, आईच्या विनवणाऱ्या डोळ्यांना, रबरी चेंडूवर पाय ठेवून हसणाऱ्या त्या व्हिडिओतल्या बाईला, मॅटला, बुटाला. महिनोन्महिने ती पळत होती आणि तिचं पळणं कुणी बघितलंसुद्धा नाही. पोहे खाता खाता निकाल लागला. ती अनवाणी बाहेर पडली.

"सर! थांबा."

रणधीर सर दार उघडून गाडीत बसतच होते. ते थांबले.

"कळवतो काय?" तिचा आवाज गल्लीभर गेला. समोरच्या ओट्यावरची म्हातारी कान टवकारून बसली. "मी काय नवरी हाय का? जे काय असंल ते आत्ता सांगा. माझे चुलते फोन उशाशी घिऊन झोपतील महिनाभर. रिंग वाजली की माय हातातली भाकर टाकून पळंल. तुम्ही कळवणार न्हाईत, मला म्हाईत हाय, तुमालाबी म्हाईत हाय."

"शिवांजली, शांत हो. तुझं पळणं मी बघितलंय. व्हिडिओ पण बघितलाय. पळण्याचा प्रश्नच नाही."

"मग?"

त्यांनी खाली बघितलं. "तुला बसता येत नाहीये."

"पाटावर मांडी घालायला लीगमध्ये न्यायलाव का तुम्ही मला?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

तिला कळत होतं. म्हणूनच ती आणखी भडकली. "ऑपरेशन केलंत, उपकार झाले. आन् मग? व्हिडिओ! गुडघा व्हिडिओ बघून वाकतो का, मॅडम? तुम्ही इतक्या दिसांत एक फोन करून इचारलं का, शिवांजली, सूज हाय का, दुखतंय कुठं? आज आलात, तेबी निकाल द्यायला. पाय माझा मोडला तुमच्या मॅटवर, आन् तपासायला आलात माझ्या वसरीत!"

अर्पिता मॅडमच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. त्या हातातला नारळ या हातातून त्या हातात करत राहिल्या. "आमच्याकडे खूप मुली असतात गं," त्या हळूच म्हणाल्या. खरं असेल ते. पण खरं असलं म्हणून ऐकवतं असं नाही.

"बघायला आलात ना? मग बघा," शिवांजली म्हणाली.

तिनं साडीचा सोगा मागं खोचला, काष्टा मारल्यासारखा. गाडीपुढं रस्त्याच्या मातीत ती उभी राहिली आणि बसायला लागली. अर्ध्यावर गुडघा अडला. ती थांबली नाही. ओठ दाताखाली धरला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. आत कुठंतरी काहीतरी कचकन सुटलं. ती खाली गेली. पूर्ण गेली. टाचा बुडाशी लागल्या, बोटं पुढं मातीला टेकली, मान वळली. चौकोनात बसावी तशी ती बसली होती. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"शिवे!" वसरीतून आई ओरडली. तात्या पायऱ्या उतरून धावत आले.

"कुणी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "सर, खो द्या."

"उठ, शिवांजली. पाय जाईल परत."

"खो द्या. ते दिल्याबिगर उठता येत न्हाय, तुमालाबी म्हाईत हाय."

रणधीर सर तिच्या मागं आले. मग वाकले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खो!" वर्षानुवर्षांच्या सवयीनं आवाज खणखणीत निघाला.

ती उसळली. डावा पाय सुटला, जसा नेहमी सुटायचा तसाच. उजव्यानं जोर दिलाच नाही. अंग एका बाजूला कलंडलं आणि उजवा तळहात धपकन मातीवर आला. खेळात बोटं टेकतात ती झेपेसाठी. हा हात पडू नये म्हणून टेकला होता. दोन्हीतला फरक ती पोरवयापासून ओळखत होती. कुणी दुसऱ्यानं तिला तो समजावून सांगायची गरज नव्हती.

रणधीर सरांनी दुसरीकडं बघितलं, जणू त्यांना दिसलंच नाही. हे मात्र तिला सहन झालं नाही.

"हिकडं बघा, सर," ती म्हणाली. अजून तशीच, एका हातावर. "टेकला का न्हाय हात?"

त्यांनी मान वळवून मातीवरच्या हाताकडं बघितलं.

"सांगा ना. टेकला का न्हाय?"

"टेकला," ते म्हणाले.

"मग झालं. कळवायची गरज न्हाय."

ती उठली. कुणाचा आधार घेतला नाही. उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे उभे राहिले. अर्पिता मॅडम काहीतरी बोलायला पुढं आल्या. पुण्याला ये, चार-सहा महिने राहा, नीट उपचार करू, असलं काहीतरी. ते त्यांनी मनापासून म्हटलं असेल. "परंड्याच्या पोरीला आधी इचारा," शिवांजली म्हणाली. "तिचं काय दुखतंय ते. मग पळवा तिला." गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती रस्त्यातच उभी होती.

तात्या खाली मान घालून खुर्च्या उचलायला लागले. एक खुर्ची त्यांनी दोनदा उचलून दोनदा खाली ठेवली. "म्या पाट मांडायला नको होता का गं?" ते शेवटी म्हणाले.

तिच्या ओठावर सणसणीत उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं. "पाटानं काय केलं न्हाय, तात्या," ती म्हणाली. "राहू द्या."

सत्यभामा न्हाणीच्या दगडापाशी तांब्या घेऊन उभी होती. आयुष्यात तिनं खो-खोचा एक सामना बघितलेला नव्हता. तिनं विचारलं ते त्या घरातल्या आयांनी आजवर विचारलं होतं तेच, तसंच, हळू आवाजात. "काय झालं गं?"

"जमलं न्हाय, माय," शिवांजली म्हणाली आणि मातीनं भरलेला हात पुढं केला.

आईनं पाणी घातलं. माती निघून गेली, तळव्यावर दोन जागी खरचटलेलं दिसायला लागलं. तरी शिवांजलीनं हात मागं घेतला नाही, आणि आई तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहिली.